सुपारी कुणाच्या हातात?

गणपती जवळ आले की आपल्या कार्यकारिणीत एक वाद ठरलेला असतो. कार्यक्रम कुणाचा ठेवायचा यावर फारसे मतभेद नसतात. ते होतात कलाकाराशी बोलायचे कसे यावर. पूर्वी पत्र जायचे, कलाकाराच्या हस्ताक्षरात उत्तर यायचे, गाडीचे तिकीट काढले आणि कुणाच्या घरी उतरायचे ते ठरले की काम झाले. आता फोन लावला की 'मॅनेजर' बोलतो. तो आधी तारीख विचारतो, मग बजेट, मग सभागृहात किती खुर्च्या, मग ध्वनिव्यवस्था कुणाची, मग हॉटेल कोणते. कलाकाराची प्रकृती कशी आहे हे विचारायला जागाच उरत नाही. मग आपल्यापैकी कुणीतरी चिडून म्हणतो, "हा मधला माणूस कशाला हवा? दलालाला द्यायला वर्गणी गोळा करतो का आपण?"

प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. आम्ही सगळी नोकरी बँकेत काढली. मधल्या माणसावाचून बाजार चालत नाही हे तिथे पहिल्या वर्षीच कळते. बँक हीच मुळात ठेवीदार आणि कर्जदार यांच्या मधली. म्हणून मधला माणूस असावा की नसावा या वादात आम्हाला रस नाही. तो कुणाचा माणूस आहे आणि पैसा आधी कुणाच्या हातात पडतो, हे दोन प्रश्न आम्हाला महत्त्वाचे वाटतात. आपल्या समाजातली काही मुलेमुली गाणे, नाटक, मालिका यांच्यासाठी मुंबईला गेली आहेत. त्यांच्या आईवडिलांना तर हे प्रश्न आता रोजचे आहेत.

ग्वाल्हेरला एके काळी असला मधला माणूस लागतच नव्हता, कारण गिऱ्हाईक एकच होते. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांना शिंदे दरबाराचा आश्रय होता. गाणे किती आणि बिदागी किती हे दरबार ठरवी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि इथली गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १८९७च्या सुमारास सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणे केले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्या तिकिटाचे कौतुक आपण गाण्याच्या अंगाने करतो, हिशेबाच्या अंगाने करत नाही. तिकीट आले म्हणजे हजार गिऱ्हाइके आली. हजार गिऱ्हाईकांशी बोलायला, सभागृह ठरवायला, जाहिरात लावायला, गल्ला मोजायला कुणीतरी लागणारच. गाणाऱ्याने ते करायचे म्हटले तर रियाज केव्हा करायचा?

नाटकात हे आणखी आधी घडले होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला खेळ केला तो चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये ते वारल्यावर मंडळी गावोगाव फिरू लागली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. पुढे नाटक कंपन्या निघाल्या. कंपनीत नट पगारी, बिऱ्हाड कंपनीचे, जेवण कंपनीचे. तिथला 'म्यानेजर' कंपनीचा नोकर असे, नटाचा नव्हे. नटाच्या बाजूने हिशेब पाहणारे कुणीच नसे, मालकच नट असेल तरीसुद्धा. बालगंधर्वांची गोष्ट आपल्या घराघरात रडत रडत सांगितली जाते. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी निघाली. भागीदार बाजूला झाले, कंपनी एकट्याची झाली, भरजरी शालू आणि अत्तरे वाढली, कर्जही वाढले. पुढे १९३५ मध्ये प्रभात कंपनीशी सहा चित्रपटांचा करार झाला आणि 'धर्मात्मा' या एकाच चित्रपटावर थांबला. आम्ही रसिक म्हणून हे वाचतो तेव्हा हळहळतो. बँकवाला म्हणून वाचतो तेव्हा वाटते, या माणसाच्या पदरी त्याच्याच बाजूचा एक रोखठोक कारकून हवा होता. "नारायणराव, हा शालू नको," एवढे म्हणणारा.

या विषयाची सगळ्यांत उघडी शाळा मात्र नाटकात नाही, तमाशात आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाचा फलक: रघुवीर खेडकर, मंगला बनसोडे, दत्तोबा तांबे शिरोलीकर, भिका-भीमा सांगवीकर. चैत्र-वैशाखात महाराष्ट्रात गावोगाव जत्रा असतात. त्या गावांचे कारभारी इथे येतात, राहुटीत बसतात, तारीख सांगतात, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि सुपारी फुटते. सुपारी म्हणजे ठरलेला कार्यक्रम. (मुंबईच्या गुन्हेगारांनी हा चांगला शब्द बिघडवला, मूळ अर्थ शब्द दिला, एवढाच.) ज्या तिथीला खूप गावांच्या जत्रा एकदम येतात त्या तिथीला भाव चढतो, बाकीच्या दिवशी उतरतो. मंडईत जसे भाव खुले असतात तसेच. गावाचे कारभारी एका राहुटीतून उठून दुसरीत जाऊन भाव विचारू शकतात. बाजार म्हणून पाहिले तर तो बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, कारण देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात.

राहुटीच्या मागचा हिशेब मात्र असा उघडा नाही. फडातले कलाकार, म्हणजे नाचणाऱ्या, सोंगाडे, ढोलकीवाले, हंगामाच्या आधी मालकाकडून 'उचल' घेतात. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जे मिळायचे त्यातला मोठा भाग आधीच घेतलेला असतो, मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, घराच्या छपराला. नंतर कामातून ती फिटते. फिटली नाही तर पुढच्या हंगामात जाते आणि कलाकार त्याच फडात राहतो. मालकही सुखी नसतो. गाड्या, तंबू, वीज, शे-सव्वाशे माणसांचे जेवण यासाठी तो सावकाराकडून व्याजाने पैसा आणतो आणि सुपाऱ्यांतून फेडतो. कोरोनाच्या दोन हंगामांत, २०२० आणि २०२१ मध्ये, जत्रा बंद पडल्या तेव्हा ही साखळी एकदम उघडी पडली. सुपारी नाही म्हणजे फेड नाही, फेड नाही म्हणजे नवी उचल नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. शेवटची वर्षे हलाखीत काढून २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार आता महाराष्ट्र शासन देते. इतकी वर्षे इतकी गर्दी खेचणाऱ्या बाईच्या आयुष्यात पैसा आला नाही असे नव्हे. आला, पण तो तिच्यापाशी थांबला नाही.

आमच्या मते उचल ही शिवी नाही. बँकेच्या भाषेत ते येणाऱ्या उत्पन्नावरचे आगाऊ कर्ज आहे, आणि ज्यांना बँक दारात उभे करत नाही त्यांना तेच मिळते. पण जो काम मिळवून देतो तोच कर्जही देतो, अशी वेळ आली की तो कलाकाराचा माणूस राहत नाही. मग तुमच्यासाठी चांगला सौदा करण्यापेक्षा तुम्हाला बांधून ठेवण्यात त्याचा फायदा असतो. नारायणगावचा हा धडा मुंबईच्या काचेच्या कचेऱ्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

मुंबईत आधी स्टुडिओ होते, महिना पगार देणारे. ते गेले, नट मोकळे झाले आणि 'सेक्रेटरी' नावाची जात निर्माण झाली. तारखांची वही त्याच्याकडे, निर्मात्यांचे फोन त्याच्याकडे. माधुरी दीक्षित यांचे काम रिक्कू राकेशनाथ यांनी कितीतरी वर्षे पाहिले. एका माणसाने एका नटीचे पाहायचे, अशी ती जुनी पद्धत. त्यात जिव्हाळा होता, धोकाही होता, कारण सगळे तोंडी. नंतर एजन्स्या आल्या. २००९ मध्ये निघालेली क्वान, जिचे पुढे कलेक्टिव्ह आर्टिस्ट्स नेटवर्क झाले, अशांसारख्या कंपन्यांकडे एकाच वेळी पुष्कळ नट, लेखक, दिग्दर्शक असतात. अनुराग कश्यप यांनी २०२४च्या अखेरीस हिंदी चित्रपटसृष्टीवर टीका केली तेव्हा त्यात एजन्स्यांचाही समाचार होता: नव्या नटांना अभिनय शिकायला न पाठवता व्यायामशाळेत पाठवतात, अशा आशयाचा. टीका एका रागावलेल्या दिग्दर्शकाची आहे हे लक्षात ठेवावे, पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे. जाहिरातीतून एजन्सीला पटकन कमिशन मिळते. चांगल्या नाटकातून काय मिळणार? मराठी रंगभूमीवर नटाला प्रयोगामागे 'नाईट' मिळते. त्या नाईटमधून टक्केवारी काढायला कुठली कंपनी धडपडेल?

अमेरिकेत हा झगडा उघडपणे लढला गेला. तिथे एजंटाने कलाकाराच्या कमाईतून साधारण १० टक्के घ्यावेत असा संघटनांचा दंडक आहे, आणि कॅलिफोर्नियात एजंटाला परवाना लागतो. तरी मोठ्या एजन्स्यांनी वेगळी वाट काढली. आपल्याकडचा लेखक, आपल्याकडचा दिग्दर्शक, आपल्याकडचा नट अशी मोळी बांधायची, ती स्टुडिओला द्यायची आणि कलाकाराकडून टक्केवारी न घेता स्टुडिओकडूनच फी घ्यायची. वरवर पाहता कलाकाराचा फायदा, कारण त्याचे १० टक्के वाचले. पण फी स्टुडिओने दिली की एजंट कुणाचे ऐकणार? एप्रिल २०१९ मध्ये लेखक संघटनेच्या सात हजारांहून अधिक सभासदांनी आपापल्या एजंटांना एकदम नारळ दिला. शेवटच्या मोठ्या एजन्सीने फेब्रुवारी २०२१ मध्ये सही केली आणि ती मोळीची पद्धत मोडीत निघाली. त्यांच्याकडे संघटना होती, दोन वर्षे धीर धरायची ताकद होती. एकट्या मुलाने ग्वाल्हेरहून जाऊन हे करावे अशी अपेक्षा करता येत नाही.

आपल्याकडे तर कलाकाराच्या एजंटासाठी वेगळा परवाना नाही. विम्याच्या एजंटाला परीक्षा आहे, शेअर दलालाला सेबीची नोंदणी आहे, घरे विकणाऱ्या एजंटालाही २०१६च्या कायद्याने रेराची नोंदणी लागते. माणसाची कला विकणाऱ्याला मात्र फलक लावायचाही खर्च नाही, मोबाईल पुरे.

म्हणून आधार उरतो तो जुन्याच कायद्याचा. भारतीय करार कायदा १८७२चा. आमच्या बी.कॉम.ला तो होता आणि तेव्हा कलमे पाठ करताना कंटाळा यायचा. आता एखाद्या जुन्या शिक्षकासारखा तो आठवतो. कलम १८२ सांगते एजंट म्हणजे कोण: दुसऱ्यासाठी काम करणारा, दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याशी व्यवहार करणारा. कलम २१३ सांगते की मालकाने मागितला की एजंटाने हिशेब दिलाच पाहिजे. इथे मालक म्हणजे कलाकार, हे विसरू नये. कलम २१८ सांगते की आपला खर्च व मोबदला वजा करून मालकाच्या नावे आलेला सगळा पैसा एजंटाने त्याला दिला पाहिजे. आणि कलम २१६ आम्हाला सगळ्यांत आवडते. मालकाला न कळवता एजंटाने त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो.

या २१६ चे उदाहरण आम्ही इथेच पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या एका कार्यक्रमासाठी एका मध्यस्थामार्फत गायिका बोलावली. ठरलेले ८० हजार आम्ही त्याला दिले. कार्यक्रम छान झाला. नंतर चहा घेताना बाई सहज म्हणाल्या की साथीदारांसह ४५ हजारांत ग्वाल्हेरला येणे परवडत नाही, पण या गावाला नाही म्हणवत नाही. आम्ही आणि आमचे चिटणीस एकमेकांकडे पाहत राहिलो. मध्यस्थाचे कष्ट होते, त्याला मोबदला मिळायलाच हवा. पण ३५ हजार हे कमिशन नव्हे. त्याने तिचे गाणे विकत घेऊन आम्हाला चढ्या भावाने विकले. व्यापारात हे चालते. दाल बाजारात रोज चालते, आणि तिथला व्यापारी उघडपणे व्यापारी म्हणून बसतो. एजंट म्हणवून घ्यायचे आणि व्यापार करायचा, हे मात्र चालू देता कामा नये. (आपले नाट्यमंदिर त्याच दाल बाजारात आहे, हा योगायोग कधी कधी फार बोलका वाटतो.)

आता आईवडिलांसाठी. आपल्या समाजातल्या एका कुटुंबाने गेल्या वर्षी मुलीचा करारनामा आम्हाला वाचायला दिला. मुलगी चांगली गाते, मुंबईत दोन जाहिरातींत आवाज दिला आणि एका एजन्सीने तिला 'साइन' केले. करार १४ पानांचा, इंग्रजीत. आई म्हणाली, "काका, मोठी कंपनी आहे, फसवणार थोडीच!" फसवणूक त्यात नव्हतीच. सगळे स्पष्ट लिहिले होते, फक्त वाचले कुणी नव्हते. मुदत तीन वर्षे, आणि मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी न कळवल्यास आणखी तीन वर्षे. कमिशन २५ टक्के, तेही 'सर्व प्रकारच्या उत्पन्नावर', म्हणजे मुलीने लश्करातल्या चार मुलांना गाणे शिकवले तर त्या फीवरही. सर्व रकमा एजन्सीच्या खात्यात जमा होणार आणि ६० दिवसांत कमिशन वजा करून मुलीला मिळणार. शिवाय तिच्या वतीने सह्या करण्याचे मुखत्यारपत्र. वाद झाला तर लवाद मुंबईत.

टक्केवारीवर आमचा फार आक्षेप नव्हता. नव्या कलाकाराचे काम शोधायला खरेच कष्ट पडतात; २० टक्के घेऊन दहा कामे देणारा एजंट १० टक्के घेऊन दोन देणाऱ्यापेक्षा बरा. आक्षेप होता तो खात्यावर आणि मुखत्यारपत्रावर. दुसऱ्याच्या खात्यात पडलेला पैसा म्हणजे त्याला बिनव्याजी दिलेले कर्ज. कंपनी उद्या बुडाली तर मुलगी रांगेतली शेवटची. आम्ही चार दुरुस्त्या सुचवल्या. पैसा मुलीच्या खात्यात, एजन्सीने कमिशनचे बिल द्यावे. कमिशन फक्त एजन्सीने आणलेल्या कामावर. आपोआप वाढणारी मुदत नको. सही मुलीचीच. एजन्सीने पहिली मान्य केली नाही. स्वतंत्र खाते आणि दरमहा हिशेब यावर तडजोड झाली. बाकीच्या तीन गोष्टी एका फोनवर मान्य झाल्या. इतक्या पटकन, की वाटले, आजवर कुणी विचारलेच नसावे.

मुदतीनंतर काय, हा प्रश्न वडिलांनी विचारला आणि तो महत्त्वाचा आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानचे प्रकरण इथे उपयोगी पडते. तो क्रिकेटपटू, पण करार तोच. २००० मध्ये त्याने परसेप्ट डीमार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम असे, की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी या कंपनीला दाखवायचा आणि तिने बरोबरी केली तर तिच्याकडेच राहायचे. झहीरने दुसरीकडे जायचे ठरवले, कंपनी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यावरचे बंधन निरर्थक, आणि मुदतीनंतरही माणसाला बांधणारे कलम त्यातच मोडते. शिवाय ज्या नात्यात विश्वास हाच पाया आहे ते नाते कोर्टाच्या हुकमाने लादता येत नाही. पण लक्षात घ्या, हे मुदत संपल्यानंतरचे. मुदतीच्या आत 'फक्त आमच्यामार्फतच' असे लिहिले असेल तर ते सहसा पाळावे लागते. म्हणून पहिला करार एका वर्षाचा असावा असे आम्ही सगळ्यांना सांगतो.

आणि लहान मुले. गाण्याच्या, नाचाच्या स्पर्धांत आपली आठ-दहा वर्षांची मुले हल्ली जातात. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने शून्य, बी.कॉम.चा प्रत्येक विद्यार्थी १९०३चा मोहोरी बीबीचा खटला यासाठीच पाठ करतो. तेव्हा सही पालकाची असते आणि जबाबदारीही. १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे जी फार कमी पालकांना ठाऊक असते: मुलाच्या त्या कामातल्या उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत थेट त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते, आणि ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती. मध्यस्थ हे सांगणार नाही. पालकांनी विचारावे, आणि ठेवीची पावती स्वतः पाहावी.

काही दारे एजंटाशिवाय उघडतात, हेही मुलांना सांगायला हवे. आकाशवाणीची श्रवणचाचणी स्वतः अर्ज करून देता येते; बी, बी हाय, ए, टॉप या श्रेण्या आजही शास्त्रीय कलाकाराच्या नावामागे वजन देतात. तानसेन समारोहाची २०२४ मध्ये शंभरी झाली. तो सरकारी संस्कृती विभागाचा, तिथे मॅनेजरपेक्षा तालीम जास्त बोलते, निदान बोलावी. शास्त्रीय किंवा लोककलेचा कलाकार स्वतःच्या नावाने बिल देतो तेव्हा दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी नाही. तेच पैसे नोंदणीकृत एजन्सी स्वतःच्या नावाने बिलात लावते तेव्हा १८ टक्के चढतात. म्हणजे एक लाखाच्या मैफलीला आपल्याला १८ हजारांचा भुर्दंड, आणि त्यातला एक रुपयाही गाणाऱ्याला नाही. टीडीएसचेही तसेच. मानधनावर साधारणपणे १० टक्के, कमिशनवर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. कर कुणाच्या पॅनवर जमा झाला ते आयकराच्या पोर्टलवर दिसते. कलाकाराने वर्षातून एकदा तिथे डोकावले तर त्याच्या नावे कुणी किती दिले ते कळते. आणि जिथे कार्यक्रम झाला पण नोंद नाही, तिथे पैसा दुसऱ्याच्या नावावर गेला हेही कळते.

यावर आपल्या समाजाने काय करावे, याचे आमचे मत स्पष्ट आहे. मॅनेजरशी बोलायला हरकत नाही. तो सभ्य असतो, वेळेवर फोन उचलतो, आणि कित्येक कलाकारांना पैशाचे बोलणे जमतच नाही. पण पत्र कलाकाराच्या नावे जावे. त्यात मानधन आणि मध्यस्थाचा मोबदला असे दोन वेगळे आकडे लिहावेत. मानधन थेट कलाकाराच्या खात्यात, मोबदला मध्यस्थाच्या बिलावर. गेल्या दोन वर्षांत आम्ही हे तीनदा केले. एका मध्यस्थाने "असे कुठेच चालत नाही" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दोघांनी काही न बोलता मान्य केले.

राहता राहिला तो जुना प्रश्न, की इंदूरपर्यंत आलेले नाटक ग्वाल्हेरला का येत नाही. याचे उत्तर मध्यस्थ नसण्यात आहे. इंदूरला सानंद न्यास आपल्या सभासदांच्या पाच गटांसाठी पाच प्रयोग एकदम घेतो, त्यामुळे मुंबईहून बस, नेपथ्य आणि मंडळी आणायचा खर्च पाच प्रयोगांवर विभागला जातो. ग्वाल्हेरला एका प्रयोगासाठी पुढचे पाचशे किलोमीटर कोण येणार? इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर या तारखा एका दोरीत ओवणारा माणूस मिळाला तर त्याला त्याचे टक्के आनंदाने द्यावेत. ते खरे कमावलेले टक्के असतील. तोवर हे काम आपल्यालाच करावे लागेल. भोपाळच्या मंडळींशी एकदा बोलणे झाले आहे. त्यांना दोन प्रयोग चालतील, आपण एकाची हमी द्यायची. निर्मात्यांच्या दौऱ्याच्या तारखा दिवाळीच्या आधीच भरतात, म्हणून हमीचे पत्र आषाढात निघायला हवे. नाट्यमंदिराच्या तारखा चिटणीसांनी विचारून ठेवल्या आहेत. ज्या सभासदांना आगाऊ वर्गणी द्यायची आहे त्यांनी त्यांच्याकडे नावे द्यावीत. धनादेश समाजाच्या नावे काढावा, चिटणीसांच्या नावे नको.